सीज झालेलं आरएक्स १०० चं इंजिन घरी बांधताना

पन्हाळ्याच्या चढाला माझी यामाहा आरएक्स १०० सीज झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला, तो क्षण अजून अंगात आहे. आधी रेस आपोआप थोडी चढल्यासारखी वाटली, मग ताकद गेली, आणि मागचं चाक कुणीतरी दोन्ही हातांनी आवळून धरावं तसं जागच्या जागी थांबलं. हात सवयीने क्लचवर गेला म्हणून पडलो नाही. दोन महिन्यांपूर्वीच बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून, नवा पिस्टन टाकला होता. म्हणजे ही दुसरी खेप.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, पिशवीत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलो, जिथे बोअर मारून घेतला होता त्याच लेथवर. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्लॉकला हातसुद्धा लावला नाही. पिस्टन घेतला, दाराच्या उजेडात सावकाश फिरवला आणि विचारलं, "मॅग्नेटकडचं सील बदललासा न्हवं?"

"नाही."

"मग बोअरला दोष दिऊ नगा. गाडी हवा खातीया."

घरी येऊन मॅग्नेट, म्हणजे इंजिनच्या डाव्या टोकाचं वीज तयार करणारं चाक, उतरवला. त्यामागच्या सीलच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, आतली बारीक स्प्रिंग गंजून तुटली होती आणि रबराची कड चिरली होती. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या बोळात पाणी शिरलं आणि गाडी काही दिवस पाण्यातच उभी राहिली. पूर ओसरल्यावर तेल बदललं, कार्बोरेटर धुतला, गाडी चालू झाली, आणि विषय मिटला असं मी धरून चाललो. गंज आत आपलं काम करत होता.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: इंजिन का सीज झालं हे कळल्याशिवाय नवा पिस्टन विकत घेऊ नका. पुढचा सगळा लेख त्या कारणाचा माग काढत इंजिन बांधण्याबद्दल आहे. उदाहरण आरएक्स १०० चं आहे, कारण कोल्हापुरात दर दुसऱ्या गल्लीत एखादी तरी सापडते. पण आरएक्स १३५ असो, जुनी स्कूटर असो की शेतातल्या चिखलात पळणारी टू-स्ट्रोक चारचाकी एटीव्ही, पद्धत हीच. माप त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचं.

इंजिन आधी समजून घ्या

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी, क्षमता ९८ सीसी. एवढ्याशा इंजिनातून ११ हॉर्सपॉवर निघते.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याला, वेगळ्या तेलाचं वंगण मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खोलीतून पेट्रोल, हवा आणि टू-टी तेलाचं (टू-स्ट्रोकसाठीच्या तेलाचं) मिश्रण जातं. पिस्टन वर गेला की खोलीत ओढ तयार होते आणि रीडमधून, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपेतून, मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीतून, वर चढतं. म्हणजे ही खोली म्हणजे एक पंप आहे. पंपाला भोक पडलं तर ओढ लागताना बाहेरची कोरडी हवा आत येते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर तेलही कमी पडतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि ब्लॉकला घासतो.

क्रँकच्या दोन टोकांना दोन सील असतात. डावीकडचं मॅग्नेटच्या बाजूला, कोरडं. उजवीकडचं क्लचच्या बाजूला, तेलातलं. डावं गेलं तर गाडी हवा खाते. उजवं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढते, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर येतो आणि गिअरचं तेल कुठेही न गळता कमी होत जातं. दोन बाजूंची लक्षणं अशी वेगळी असतात, ती ध्यानात ठेवा.

हवा खाणाऱ्या गाडीची आणखी एक खूण असते. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच खाली बसत नाही, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळते. माझी गाडी आठवडाभर हेच करत होती आणि मी रोज स्लो रेसिंगचा स्क्रू पिळत बसलो होतो.

खोलण्याआधी

किक बसत नसेल तर तिच्यावर उभे राहू नका, गिअरमध्ये टाकून ढकलूही नका. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे टू-टी तेल आणि थोडं डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हाताने किक हळूच दाबून बघा. बहुतेक वेळा सुटते. सुटली म्हणून चालू करून बघायचा मोह होतो, तो टाळा. ॲल्युमिनियमचे कण बोअरला चिकटलेले असतात आणि त्याच कणांनी बोअर आणखी खरवडला जातो.

काढलेला प्लग तसाच, न पुसता ठेवा. चहाच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक होतं. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडत होतं. काळा ओला असेल तर जास्त पडत होतं.

मग नोंदी करा. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण बसेपर्यंत किती वेढे फिरला, मेन जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) कोणता आकडा आहे, ऑइल पंपाच्या केबलची खूण कुठे जुळते, तेलाच्या पारदर्शक नळीत बुडबुडा आहे का, टाकीचा नळ उघडल्यावर धार सलग येते का. गिअरबॉक्सचं तेल काढून बरणीत भरा आणि उजेडात बघा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलं आहे. पेट्रोलचा वास असेल तर उजव्या सीलवर संशय घ्या. हे सगळं इंजिन जागेवर असतानाच समजतं. एकदा सगळं सुटं केलं की हे पुरावे हाताशी राहत नाहीत.

नंतर इंजिन बाहेरून डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करा. रीडचं आणि सायलेन्सरचं तोंड कापडाने बंद करूनच. बाहेरच्या मातीचा एक खडा आत पडला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. जागा हवेशीर हवी, आसपास शेगडी किंवा देवघरातली समई नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते.

वरचा भाग उतरवणं

हेडचे, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचे, नट इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत काढा. एकच नट पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे गेलात तर हेड वाकतं. ब्लॉक वर ओढताना अर्ध्यावर थांबा आणि कनेक्टिंग रॉडभोवती (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याभोवती) स्वच्छ फडकं कोंबा. तुटलेल्या रिंगचा तुकडा किंवा सर्कलिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची कडी) केसमध्ये, म्हणजे क्रँकच्या खोलीत, पडली तर अख्खं इंजिन फोडावं लागतं.

सर्कलिप काढताना डोळ्यांवर चष्मा हवा. ती उडते आणि सरळ डोळ्याकडे येते. जुनी सर्कलिप पुन्हा वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. पिन हातोडीने ठोकून काढू नका, रॉड वाकतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पिस्टनभोवती दोन मिनिटं गुंडाळा, पिन बोटाने सरकते. नाहीच सरकली तर लांब बोल्ट, नट आणि पाइपचा तुकडा घेऊन पुलर करा.

पिस्टन वाचणं

या टप्प्यावर घाई करू नका. पिस्टन डिझेलने हलकाच धुवा, घासू नका, आणि दिवसाच्या उजेडात चहूबाजूंनी बघा.

फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभा, चकचकीत ओरखडा असेल आणि वरचा भाग कोरडा, फिकट दिसत असेल, तर मिश्रण पातळ होतं. हवा खाणं, अडकलेला जेट, टाकीचा तुंबलेला नळ किंवा फाटलेला कार्बोरेटरचा रबर यांपैकी काहीतरी. माझे दोन्ही पिस्टन असेच होते, आणि पहिला हातात असताना मी तो नीट बघितला असता तर दुसरा वाचला असता.

चारही कोपऱ्यांना समान अंतरावर चार उभ्या रेषा असतील, तर पिस्टन बोअरपेक्षा लवकर फुगला. एक तर गॅप कमी ठेवली होती, नाहीतर थंड गाडी चालू करून लगेच जोरात पळवली.

सगळ्या बाजूंनी एकसारखं कोरडं घासलेलं असेल तर तेलच पोचलं नाही. ऑइल पंप, त्याची नळी आणि त्याची केबल तपासा.

रीडच्या बाजूला बारीक, राखाडी, पॉलिश पेपरने घासल्यासारख्या रेषा दिसल्या तर धूळ गेली आहे. एअर फिल्टर फाटलेला असतो, नाहीतर काढूनच टाकलेला असतो. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं.

पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं असेल, किंवा कडेला वाळूच्या फवाऱ्याने खाल्ल्यासारखी बारीक खड्डी असेल, तर इंजिन आतून ठोकत होतं. ठिणगी वेळेच्या फार आधी पडते, प्लग चुकीच्या उष्णता-दर्जाचा आहे, किंवा मिश्रण पातळ आहे. माथ्यावर आणि हेडमध्ये बारीक खळगे उमटले असतील तर रिंगचा किंवा बेरिंगचा तुकडा आत नाचला आहे. अशा वेळी खालचा भाग उघडायचाच.

क्रँक तपासणं

रॉड वरच्या टोकाला दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढा. अजिबात खेळ नको. टिक् असा आवाज आला की बिग एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग, गेलं. डावीकडे-उजवीकडे मात्र तो थोडा हलणारच. वरच्या टोकाला ही हालचाल नव्या क्रँकमध्ये साधारण ०.८ ते १ मिमी असते, २ मिमीपर्यंत गेली तर क्रँक काढा. खालच्या बाजूला रॉड आणि क्रँकच्या चकतीमधली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा.

मग क्रँक हाताने सावकाश फिरवा. मेन बेरिंग गुळगुळीत फिरलं पाहिजे. पुरात बुडालेल्या गाडीत ते ठरावीक जागी अडखळतं, कारण गोळ्यांवर गंजाचे टिपके पडलेले असतात. आज चालेल असं वाटतं, पण टिपके पडलेलं बेरिंग क्रँकला थरथरवतं आणि नवं सीलही लवकर खातं.

रॉड ठीक, बेरिंग ठीक, केसमध्ये धातूचा चुरा नाही, असं असेल तर खालचा भाग उघडू नका. केस स्वच्छ धुऊन डावं सील बाहेरूनच बदलता येतं. मॅग्नेटसाठी त्याचा योग्य पुलर घ्या, तो मिळतो. हातोडी आणि छिन्नीने काढलेला मॅग्नेट परत सरळ फिरत नाही. उजव्या सीलसाठी क्लच आणि प्रायमरी गिअर उतरवावा लागतो.

केस फोडायचीच असेल तर

पुठ्ठ्यावर केसचा आकार काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी पुठ्ठ्यात खोचा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की केस आतून फुटते. जाम झालेल्या स्क्रूंना इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या चकचकीत पृष्ठभागावर पडलेला प्रत्येक ओरखडा पुढे हवेची वाट होतो. लाकडाने सगळीकडून हलकं ठोका, सरळ वर ओढा.

क्रँकचा रॉड बदलणं घरी होत नाही. तो प्रेसवर बसतो आणि नंतर डायल गेजखाली क्रँक सरळ करावा लागतो. दोन्ही टोकं फिरताना ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नयेत. हे काम उद्यमनगरातल्या जाणत्या माणसाकडेच द्या आणि गेजचा काटा स्वतः उभं राहून बघा. या गावात ऑइल इंजिनं घडली, पिढ्यान्पिढ्या लेथ चालले. माप दाखवा म्हटलं की चांगला कारागीर उलट खूश होतो.

नवी बेरिंगं बसवायला ठोकाठोकी लागत नाही. बेरिंग दोन पिशव्यांत गुंडाळून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती मटार समजून बाहेर काढते. केस पूर्ण धुऊन, पेट्रोलचा वास जाईपर्यंत वाळवून, हीट गनने किंवा विजेच्या शेगडीवर तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र् झालं की पुरे. थंड बेरिंग गरम घरात आपल्या वजनाने खाली बसतं, तो आवाज ऐकून फार समाधान वाटतं. सील मात्र केस थंड झाल्यावर बसवा, कडेला थोडं ग्रीस लावून. जुन्या सीलचं तोंड कोणत्या बाजूला होतं याचा फोटो आधीच काढून ठेवलेला असला पाहिजे. क्रँकचा जो भाग सीलमध्ये फिरतो तिथे गंजाची खरखर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, गोल फिरवत साफ करा. खोल खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

केस जोडताना सीलंट पातळ लावा. जास्त लावलेलं आत पिळून येतं आणि तेलाच्या भोकांत जाऊन बसतं. आणखी एक: केस बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो, तेव्हा आरटीओत नोंद करूनच बदला.

बोअर आणि पिस्टन

क्रम लक्षात ठेवा. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्या पिस्टनच्या मापाला बोअर मारायचा. बोअर आधी मारून मग पिस्टन शोधत फिरणं म्हणजे घोडा न बघता खोगीर शिवणं.

बाजारात नक्कल केलेले पिस्टन भरपूर आहेत. हातात घेऊन कडा, रिंगच्या खाचेतली बारीक पिन आणि सर्कलिपची खाच बघा. खाच उथळ किंवा खरबरीत असेल तर तो पिस्टन परत द्या.

ब्लॉकच्या आतलं माप वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी घ्यायचं. फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला तर होनिंगने, म्हणजे दगडाने नुसतं घासून, भागत नाही. पुढचा साइझ घ्या. साइझ ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे वाढत जातात. ०.५० ने काम होत असेल तर थेट १.०० वर जाऊ नका, ब्लॉकचं आयुष्य उगाच कमी होतं.

पिस्टन स्कर्टला (त्याच्या खालच्या भागाला), खालच्या कडेपासून सुमारे १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजायचा. बोअर आणि पिस्टन यांतली गॅप पिस्टनसोबतच्या कागदावर असते. हवेने थंड होणाऱ्या या मापाच्या इंजिनांत ती साधारण ०.०४ मिमीच्या आसपास येते, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. तेव्हा "बघू, बसतोय" एवढ्यावर सोडू नका. आकडा विचारा, लिहून घ्या.

बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या तशाच राहिल्या तर रिंग त्यांत अडकून तुटते. हे काम लेथवर बऱ्याचदा राहून जातं, म्हणून घरी आल्यावर बोट फिरवून बघा. धार लागत असेल तर बारीक फाइल आणि मग पॉलिश पेपरने प्रत्येक पोर्टची कड अर्धा मिमी गोल करा. वरच्या आणि खालच्या कडेला जास्त लक्ष द्या, रिंग तिथूनच जाते-येते.

आता धुणं. पेट्रोलने किंवा डिझेलने धुतलेला बोअर स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाची पूड त्या बारीक रेषांत तशीच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन तीन-चार वेळा घासा. मग कोरडं करून टू-टी तेलात भिजवलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवा. पहिल्यांदा ते राखाडी होईल. दुसऱ्यांदा कमी. मला सहाव्या वेळी पांढरं मिळालं. पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. आणि लगेच तेलाचा हात द्या, कारण उघडं बीड बघता बघता तांबूस होतं.

रिंगची गॅप

रिंग एकटीच ब्लॉकमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून तिला दोन सेंटीमीटर आत सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२० ते ०.३५ मिमी चांगली. ०.१५ पेक्षा कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील. टोक फाइलने अगदी थोडं घासून पुन्हा मोजा.

जोडणी

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. रिंगवरचं अक्षर वर. रिंगची टोकं खाचेतल्या पिनच्या दोन्ही बाजूंना. नवं छोटं नीडल बेरिंग तेलात भिजवून. नवी सर्कलिप, तिचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली, आणि ती खाचेत फिरवून खात्री करून घ्या. खालचं पॅकिंग जुन्याच जाडीचं हवं. जाडी बदलली की पोर्टचं टायमिंग बदलतं.

ब्लॉक खाली सोडताना रिंगा बोटांनी दाबून धरा आणि ब्लॉक फिरवू नका. फिरवला की रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकतं आणि टचकन तुटतं. जोर लागला तर थांबा, वर उचला, पिन बघा.

हेडचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा मिळाला तर तोच. ८ मिमीच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो. शेजाऱ्याकडून का होईना, टॉर्क पाना आणा.

हवेची चाचणी

मी पहिल्या वेळी केली नाही ती हीच. खर्च जवळजवळ नाही. ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा घ्या. सायलेन्सरच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून वर पत्र्याची पट्टी आवळा. रीडच्या तोंडावरही तसंच, फक्त त्या पट्टीला भोक पाडून नळी बसवा. ऑइल पंपाची नळी जिथे जोडली जाते ते भोक बंद करा, प्लग घट्ट बसवा.

फुगा दाबत काटा २५० ते ३०० (मिमी पारा) पर्यंत न्या. ३०० म्हणजे सहा पीएसआयच्या किंचित आत. याच्या वर नेऊ नका, सील उलटतं. मग पाच मिनिटं घड्याळ लावून बसा. काटा जागचा हलला नाही तर उत्तम. मिनिटाला ५० ने खाली येत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर लावा: ब्लॉकचं बूड, केसचा मधला जोड, रीडचा रबर, मॅग्नेटमागचं सील. जिथे फुगे येतील तिथे दोष.

माझ्या गाडीत मॅग्नेटमागे साबणाच्या पाण्याचा एक बारीकसा फुगा फुगत, फुटत, पुन्हा फुगत होता. आदल्याच आठवड्यात बसवलेलं नवं सील होतं ते, किंचित तिरकं बसलेलं. काढून सरळ बसवलं, आणि काटा २८० वर खिळून राहिला. ही चाचणी नसती तर तिसरा पिस्टनही गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चालू करण्याआधी

रीडच्या पात्या उजेडासमोर धरा. टोकं चिरलेली असतील किंवा फट मोठी असेल तर बदला. कार्बोरेटरचे जेट तारेने टोकरू नका, हवेने फुंका. सायलेन्सरची आतली बाफल पाइप काढून कार्बन खरवडा.

ऑइल पंपातली हवा काढायला विसरू नका. पंपाचा छोटा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग तेल येईपर्यंत वाट बघा, मग बंद करा. तरीही पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी तेल वेगळं मिसळा. पंपावर पूर्ण भरवसा ठेवायला अजून वेळ आहे. पंप काढूनच टाकलेल्या गाड्यांत लिटरला २५ ते ३० मिली घाला, आणि प्रत्येक वेळी घाला. तेल जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर येणारच, जोडताना लावलेलं तेल जळतं. सिलिंडरबाहेरच्या फिन्सच्या पट्ट्यांना हात लावल्यावर चटका बसेल इतकं तापलं की बंद करा. पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. मग गार इंजिनवर हेडचे नट पुन्हा तपासा.

पहिले ५०० किलोमीटर

सपाट रस्ता निवडा. मी फुलेवाडीतून कळ्याकडे जायचो, सकाळी लवकर, वाहनं कमी असताना. एकाच वेगाने चालवू नका. थोडं वाढवा, थोडं सोडा. फुल्ल ॲक्सिलरेटर नको, आणि टॉप गिअरमध्ये घुसमटत ओढणंही नको. डबल सीट नको. चालू केल्यावर पहिला एक-दीड किलोमीटर हळूच.

पन्हाळा, जोतिबा इतक्यात नकोच. आणि नंतर गेलात तर चढापेक्षा उताराची काळजी करा. ऑइल पंप इंजिनच्या वेगाबरोबर ॲक्सिलरेटरच्या केबलशीही जोडलेला आहे. ॲक्सिलरेटर बंद करून गिअरच्या जोरावर घाट उतरताना इंजिन वेगाने फिरतं, पण तेल अगदी थोडं येतं. दर काही सेकंदांनी ॲक्सिलरेटर थोडा उघडून बंद करा, किंवा क्लच दाबून रेस खाली बसू द्या.

५० किलोमीटरला प्लग काढून बघा. चहाचा रंग यायला हवा. पांढरा दिसला तर गाडी तिथेच थांबवा, ढकलत आणा, आणि फुगा-काटा पुन्हा जोडा. ५०० ला गिअरबॉक्सचं तेल बरणीत काढून उजेडात धरा. तळाला बारीक चकाकी असेल तर ते नव्या भागांचं पहिलं घासणं आहे, पुढच्या खेपेला कमी दिसलं पाहिजे. पांढरट असेल तर पाणी. पेट्रोलचा वास आला, तर उजवं सील.